कोंबड्यांच्या खाद्यातील विष आणि आपले गैरसमज

डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली स्थापन केलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजचे मुख्यालय ज्या पुणे शहरात आहे, आणि ज्या शहरातील आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह जतन केला जातो, त्या शहराच्या आसपासच्या कुक्कुटपालकांनी तरी खाद्यात उतरणाऱ्या बुरशीच्या विषाविषयी बेफिकीर राहू नये, अशी अपेक्षा करणे गैरवाजवी ठरू नये. परंतु हा विषय काढताच काही ठराविक उत्तरे ऐकावी लागतात, आणि त्यांचा क्रमाने समाचार घेणे अगत्याचे झाले आहे.

पहिले उत्तर असे की, कोंबड्या मरत नाहीत, तेव्हा विषाची भीती अनाठायी आहे. १९६० साली इंग्लंडात ब्राझीलची शेंगदाणा पेंड खाऊन लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा शोध लागला. तेव्हापासून हे विष म्हणजे सामुदायिक मृत्यू, अशी समजूत रूढ झाली असावी. टर्कीची पिले आणि बदकाची पिले या विषाला फार लवकर बळी पडतात. कोंबडी त्या मानाने चिवट असल्यामुळे ती मरत नाही, खंगते. तिचे यकृत फिकट व ठिसूळ होऊन प्रथिने घडविण्याचे त्याचे कार्य मंदावते. पित्त आणि स्वादुपिंडाचे पाचकरस उणावल्याने स्निग्धांश व त्यासोबतची जीवनसत्त्वे अंगी लागत नाहीत. पाय फिके पडतात, वाढ खुंटते, अंडी घटतात. याहून घातक गोष्ट अशी की, ज्या इंद्रियांत रोगप्रतिकारशक्ती तयार होते ती आक्रसतात, आणि लस टोचूनही मानमोडी किंवा गंबोरो रोग शिरला म्हणजे ठपका लसीवर येतो. मरतूक अन्य रोगांच्या खाती जमा होते आणि मूळ कारणाची नोंद कोणत्याच दफ्तरात होत नाही.

दुसरे उत्तर असे की, मका डोळ्यांना स्वच्छ दिसतो आणि शिवाय खाद्याला वाफ दिली जाते. परंतु बुरशी मेल्यावरही तिने निर्मिलेले विष दाण्यात तसेच राहते. गोळी खाद्याच्या यंत्रातील सुमारे ऐंशी अंशांची उष्णता अफ्लाटॉक्सिनला नष्ट करू शकत नाही. उन्हात वाळवल्याने किंवा प्रोपिऑनिक आम्ल मिसळल्याने बुरशीची पुढील वाढ थांबते, तयार झालेले विष जात नाही. त्यातही हे विष राशीत सारखे पसरलेले नसून मोजक्या दाण्यांत एकवटलेले असते, म्हणून वरची एक मूठ पाहून दिलेला निर्वाळा निरर्थक होय.

तिसरे उत्तर टॉक्सिन बाइंडरचे, म्हणजे विष बांधून ठेवण्यासाठी खाद्यात मिसळायच्या पदार्थाचे. त्याची उपयुक्तता मी नाकारीत नाही. बेंटोनाइटसारखी माती आतड्यात अफ्लाटॉक्सिनला धरून ठेवते, हे सिद्ध आहे. परंतु चोचीच्या आत व्रण पाडणारे टी-२, किंवा मूत्रपिंड निकामी करणारे ऑक्राटॉक्सिन, या बुरशीच्या अन्य विषांवर त्या मातीची पकड फारच अल्प आहे. बाइंडर हाताशी आहे म्हणून ओला माल बिनदिक्कत खरेदी करणे म्हणजे औषधाला अपथ्याचा परवाना समजणे होय.

चौथ्या उत्तरात मात्र वजन आहे. करारावर पक्षी वाढविणाऱ्या लहान शेतकऱ्याला कंपनी देईल ते खाद्य वापरावे लागते. आणि खरिपाचा मका काढणीला येतो तोच परतीचा पाऊस त्यावर कोसळतो, त्या वेळी उत्पादकापाशी वाळवणी यंत्र नसते. तेव्हा तपासणीचा भार या दोघांवर टाकणे अन्यायाचे होईल. तो भार घाऊक खरेदी करणाऱ्या खाद्य कारखानदाराने, अडत्याने व करार करणाऱ्या कंपनीने उचलला पाहिजे.

माझे मागणे स्पष्ट आहे. गोदामाच्या दारातच ओलावा मोजावा आणि बारा-तेरा टक्क्यांवरचा मका वाळविल्यावाचून साठवू नये. एकाच पोत्यातून न घेता अनेक पोत्यांच्या पोटातून नमुने काढून, ते एकत्र दळून तपासावेत. भारतीय मानकाने अफ्लाटॉक्सिन बी-१ साठी घातलेली एक अब्ज भागांत २० भागांची मर्यादा हीच खरेदीची अट असावी व तपासणीचा दाखला खाद्याबरोबर कुक्कुटपालकाच्या हाती पडावा. वाळवणी यंत्रे बाजार समित्यांच्या आवारात यावीत आणि कोरड्या मालाला चढा भाव मिळावा. भावात भेद नसेल तर शेतकऱ्याने मका वाळविण्याचे कष्ट कशासाठी घ्यावेत?

नाकारलेला माल कोठे जातो, याचा हिशेबही मागितला पाहिजे. १९७४ साली गुजरात-राजस्थानच्या सीमेवरील पंचमहाल व बांसवाडा भागांत बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे यकृताच्या विकाराने मरण पावली. ते बहुतांशी गरीब आदिवासी होते. कोंबडीच्या खाद्यातून परत पाठविलेला मका स्वस्तात पिठाच्या गिरणीत पोचू शकतो, तोवर ही तपासणी केवळ कुक्कुटपालकाच्या नफ्यातोट्याची बाब मानता येणार नाही. ती सार्वजनिक आरोग्याची जबाबदारी आहे, आणि ती मोठ्या खरेदीदारांवर कायद्याने बंधनकारक झाली पाहिजे.