ग्रहण, कॅमेरा आणि आपली मुले

सूर्यग्रहणाची उत्तमोत्तम छायाचित्रे वेधशाळा प्रसिद्ध करीत असताना हौशी माणसाने ती काढण्याचा खटाटोप कशाला करावा, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. तरीही आपल्या निवासी शाळेतील प्रत्येक मुलामुलीने एकदा तरी ग्रहणाचे छायाचित्र काढावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. त्याचे कारण खगोलशास्त्रापेक्षा आपल्या इतिहासात अधिक आहे.

१८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाचे निरीक्षण सांगलीशेजारच्या जमखंडी संस्थानात झाले. तिकडे गुंटूरला टेनंट यांच्या पथकाने छायाचित्रे घेतली. २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी लॉकियर विजयदुर्गावर उतरले. करमाळा तालुक्यातील जेऊर येथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन आले, पुण्याहून प्राध्यापक नायगमवालाही तेथे गेले. विजयदुर्ग आणि जेऊर यांना जोडणारी रेघ नकाशावर ओढून पाहावी. ती कराडजवळून जाते. म्हणजे आपल्याच मुलखात भर दुपारी सूर्य झाकला गेला होता.

त्या काळी ग्रहण लागले की गावकुसाबाहेरची माणसे ‘दे दान, सुटे गिरान’ अशी आरोळी देत दारोदार फिरत. सूर्याला ग्रासणारे राहू-केतू अस्पृश्य, म्हणून त्यांच्या ‘नातलगांना’ दान दिले की सूर्य सुटतो, अशी समजूत! दान घरात येऊ नये म्हणून उंबऱ्याबाहेर, लांबून टाकले जाई. आकाशातील सावलीचा दोषही आपल्याच माथी मारलेला होता. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी उष्ट्या तुकड्यांवरचे जगणे सोडण्यास बजावले, तेव्हा ही आरोळीही त्यातच आली असे मी मानतो. संयुत्तनिकायातील सुरियसुत्तातही राहू येतो आणि बुद्धांच्या सांगण्यावरून सूर्याला सोडतो. पण तेथे त्यापायी कोणाची जात काढलेली नाही. कथा म्हणून ती मुलांना अवश्य सांगावी.

ज्या घरांतून ती आरोळी निघत असे, त्या घरांतील मुलीने त्याच आकाशाकडे कॅमेरा रोखणे मला म्हणूनच मोलाचे वाटते. चित्र देखणे येणार नाही. पन्नास मिलिमीटरच्या भिंगातून सूर्याची प्रतिमा जेमतेम अर्धा मिलिमीटर उमटते, तीनशेच्या भिंगातूनही तीन मिलिमीटर भरत नाही. बिघडू द्यावे. डोळ्यांच्या बाबतीत मात्र तडजोड नको: सौर फिल्टर भिंगाच्या पुढे बसवावा, एक्स-रेची फिल्म किंवा काजळी धरलेली काच चालत नाही. कॅमेरा नसेल तर उन्हात झारा धरावा. त्याच्या प्रत्येक भोकातून जमिनीवर एकेक चंद्रकोर उमटते आणि तिचे छायाचित्र साध्या मोबाइलवर निर्धोक घेता येते. २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी झाडांच्या सावलीतही अशा कोरी दिसत होत्या.

पुढची संधी २ ऑगस्ट २०२७ रोजी आहे. इजिप्तमध्ये खग्रास, आपल्याकडे दुपारनंतर खंडग्रास. वार सोमवार. शाळेने त्या दिवशी सुटी देऊ नये, वसतिगृहाची जेवणाची वेळ बदलू नये, आणि पालकांनीही मुलांना घरी बोलावून घेऊ नये. दिवस पावसाळ्याचे आहेत, आभाळ भरून येईल. तसे झाले तर मुलांनी ढगांचेच छायाचित्र काढून वहीत चिकटवावे आणि खाली वेळ लिहावी.