निशिगंधाचे जुने बेट मोडण्याविषयी

निशिगंध अथवा गुलछडी हे लहान बागायतदाराच्या फार उपयोगी पडणारे फूलपीक आहे. पुणे, सातारा, सांगली, नाशिक, अहिल्यानगर या जिल्ह्यांत विहिरीच्या पाण्यावर पाच-दहा गुंठ्यांचा तुकडा निशिगंधाखाली ठेवणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. ऊस विकून पैसा हाती येण्यास वर्ष-दीड वर्ष जाते; निशिगंधाची टोपली मात्र पहाटे भरते आणि तिचे पैसे त्याच आठवड्यात घरात येतात. मीठमिरची, मुलांची पुस्तके, औषधपाणी हा वरखर्च या टोपलीवर चालतो. असे पीक मोडून टाका, कंद उकरून काढा आणि नव्याने लावा, असे सांगितल्यास शेतकरी कपाळाला आठ्या घालतो, यात नवल वाटण्याचे कारण नाही. तथापि हे सांगणे आवश्यक झाले आहे. एकदा लावलेला निशिगंध तीन वर्षांपर्यंत ठेवावा अशी सर्वसाधारण शिफारस असताना तो चार-चार, पाच-पाच वर्षे त्याच जागी उभा असल्याचे कित्येक ठिकाणी दिसून येते आणि त्यात शेतकऱ्याचे नुकसान होत आहे.

हे नुकसान एका दिवसात होत नाही आणि म्हणूनच ते ध्यानात येत नाही. पहिल्या वर्षी दांडा कमरेइतका उंच येतो, त्यावर कळ्या भरपूर असतात आणि फूल टपोरे असते. दुसऱ्या वर्षी एकेका बेटातून अनेक दांडे निघतात, त्यामुळे उत्पन्न वाढते आणि शेतकरी समाधान पावतो. तिसऱ्या वर्षीही पीक बरे असते. पुढे दांड्यांची उंची कमी होऊ लागते, कळ्या मोजक्या राहतात, फूल बारीक पडते. तोडणाऱ्या बायांना तेवढ्याच फुलांसाठी दुप्पट वाकावे लागते. पाला मात्र पूर्वीपेक्षा दाट व हिरवागार दिसतो. लांबून पाहणाऱ्यास वाटते, पीक काय सुरेख आले आहे! वस्तुतः ते पाल्याचे पीक होय.

असे का होते हे समजून घेतल्यास पुढील विवेचन सोपे जाईल. निशिगंध मूळचा मेक्सिकोतील. वनस्पतिशास्त्रज्ञांनी अलीकडे त्याची गणना घायपाताच्याच प्रजातीत केली आहे. आपल्याकडे बांधावर लावलेले घायपात शेतकऱ्याच्या ओळखीचे आहे. ते अनेक वर्षे पाने वाढविते, मग एकदाच उंच दांडा टाकते, फुलते आणि मरून जाते. मागे बुडाशी पिल्ले राहतात. निशिगंधाचा कंद लहान प्रमाणावर हेच करतो. एक कंद एकदाच फुलतो. फुलून गेलेला कंद पुन्हा दांडा देत नाही, त्याच्या भोवती धरलेले बाळकंद पुढे वाढून फुलावयाचे असतात. म्हणजे ज्याला आपण ‘तेच जुने झाड’ समजतो ते प्रत्यक्षात तीन-चार पिढ्यांचे कुटुंब असते आणि ते सर्व एका पंज्याएवढ्या जागेत नांदत असते. फुलण्याजोगा कंद साधारणपणे दोन ते तीन सेंटिमीटर व्यासाचा असावा लागतो. दाटीत वाढलेल्या बाळकंदांना तेवढे पोसण्यास जागा मिळत नाही. पाणी घेतात, खत घेतात, पाला फेकतात, पण दांडा देत नाहीत. खताची मात्रा वाढविल्याने ही दाटी कमी होत नाही, उलट वाढते. यास्तव जुन्या बेटाला युरिया घालून फूल आणण्याचा प्रयत्न म्हणजे भरलेल्या गाडीत आणखी उतारू घेण्यासारखे आहे.

दाटीखेरीज दुसरी गोष्ट जमिनीची. निशिगंधाच्या दोन ओळींमधून रोज पहाटे माणसे चालतात. तीन-चार वर्षे अशी पायवाट पडल्यावर आणि वरून पाणी दिल्यावर जमीन घट्ट बसते, मुळांना हवा मिळत नाही. बेट मोडल्याशिवाय तेथे नांगर घालता येत नाही, शेणखत खोलवर मिसळता येत नाही.

तिसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ती म्हणजे मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी. हे कृमी डोळ्यांना दिसत नाहीत. पिकात मध्येच एखादा पट्टा पिवळा पडतो, झाडे खुजी राहतात आणि शेतकरी ते खताच्या कमतरतेवर ढकलतो. एक बेट उपटून, मुळे पाण्यात धुऊन पाहिली असता बारीक बारीक गाठी आढळतात. एकाच जमिनीत तेच पीक वर्षानुवर्षे राहिल्याने या कृमींची आयतीच जोपासना होते. जुन्या वाफ्यातील पाणी नव्या वाफ्यात गेले, खुरपी-कुदळीला चिकटून माती गेली, किंवा शेजाऱ्याने तेथील कंद बेणे म्हणून नेले, की उपद्रव पसरतो. एकाच्या शेतातील जुने बेट अशा प्रकारे सबंध शिवाराची बाब होऊन बसते.

या सर्व गोष्टी शेतकऱ्यास अगदीच अपरिचित आहेत असे नाही. शेवंती करणारा शेतकरी दर वर्षी जुन्या झाडाच्या काश्या वेगळ्या काढून नव्या जमिनीत लावतो, त्याला कोणी सांगावे लागत नाही. हळद तर दर साल खणलीच जाते, कारण तिचा पैसाच जमिनीखाली असतो. निशिगंधाची गोष्ट वेगळी. त्याचा पैसा वर दिसतो, कंद खाली झाकलेला राहतो, आणि रोज थोडे का होईना फूल मिळत असल्याने कुदळ घालण्याचा मुहूर्त पुढे ढकलला जातो. ‘एवढा दसरा होऊ दे’, ‘एवढी लग्नसराई निघू दे’ असे म्हणता म्हणता आणखी दोन वर्षे उलटतात. यात शेतकऱ्याचा आळस नाही. रोजची मिळकत थांबण्याची भीती आहे, आणि ती भीती खोटी म्हणून उडवून लावणे योग्य होणार नाही.

परंतु ही भीती जितकी मोठी वाटते तितकी ती आहे काय, हे पाहिले पाहिजे. थंडीत निशिगंधाचे फूल मंदावते. पुणे-मुंबईच्या बाजारात त्याला खरी मागणी श्रावणापासून दिवाळीपर्यंत असते. गणेशोत्सव व नवरात्र हे त्यातील मुख्य दिवस. कंद काढावयाचे ते फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि लावावयाचे ते एप्रिल-मेमध्ये. लावणीपासून साधारणपणे तीन ते साडेतीन महिन्यांत दांडे येऊ लागतात. म्हणजे एप्रिलमध्ये लावलेले पीक श्रावणाच्या सुमारास फुलावर येते व मुख्य हंगाम हातचा जात नाही. जाते ते उन्हाळ्यातील फूल, विशेषतः लग्नसराईतील हारांचे. हे नुकसान खरे आहे आणि ते हिशेबात धरलेच पाहिजे. मात्र त्याच्या समोर, पुढील तीन वर्षे मिळणारे टपोरे फूल व वाचणारी तोडणीची मजुरी मांडली असता पारडे कोणीकडे झुकते हे ज्याचे त्यास कळेल.

यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे सर्व क्षेत्र एकदम न मोडणे. ज्याच्याजवळ या पिकासाठी बारा गुंठे आहेत त्याने त्याचे तीन-तीन गुंठ्यांचे चार भाग पाडावेत. तीन भागांत पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या वर्षाचा निशिगंध उभा असावा आणि चौथ्या भागात झेंडू किंवा ज्वारी घ्यावी. दर उन्हाळ्यात तिसऱ्या वर्षाचा भाग मोडावा आणि त्यातील निवडक कंद चौथ्या, विश्रांती घेतलेल्या भागात लावावेत. झेंडूच्या मुळांतील द्रव्ये सूत्रकृमींना मारक ठरतात, शिवाय झेंडूचे फूल दसऱ्याला विकले जाते, त्यामुळे तो भाग अगदीच रिकामा राहिला असे होत नाही. त्या जागी वांगी, टोमॅटो किंवा भेंडी मात्र घेऊ नये. या पिकांवर तेच कृमी पोसतात. ज्याच्याजवळ जागा याहून कमी आहे त्याला ही वाटणी काटेकोरपणे जमणार नाही. त्याने निदान अर्धा तुकडा एका वर्षी व अर्धा दुसऱ्या वर्षी मोडावा. नवी लागवड शक्यतो पाटाच्या वरच्या अंगास असावी, म्हणजे जुन्या वाफ्याचे पाणी तिच्यात उतरणार नाही.

कंद काढण्याच्या कामात घाई उपयोगाची नाही. पाला पिवळा पडू लागला की पाणी तोडावे. जमीन वाळून भेगाळण्यापूर्वी, वाफसा असताना, पाला जमिनीलगत कापून घ्यावा आणि बेटापासून वीतभर अंतरावर कुदळ घालून सबंध बेट उचलावे. बेटाच्या अगदी बुडाशी कुदळ मारल्यास चांगलेच कंद आधी कापले जातात, आणि कापलेला कंद पुढे कुजतो. बेट झटकून माती पाडावी व कंद हाताने अलग करावेत. मध्यभागी फुलून गेलेले, पोकळ, सुरकुतलेले कंद असतात, ते वेगळे काढावेत. त्यांचा मोह धरू नये. मऊ पडलेले, बुरशी धरलेले, मुळांवर गाठी असलेले कंद शेताच्या बाहेर नेऊन जाळावेत. ते उकिरड्यात टाकणे म्हणजे पुढील वर्षी शेणखताबरोबर पुन्हा शेतात आणणे होय. उरलेल्यांतील टपोरे, टणक, निमुळत्या टोकाचे, सुमारे पंचवीस ग्रॅम वजनाचे कंद लागवडीसाठी ठेवावेत. बारीक कंद निराळ्या वाफ्यात दाट लावून वर्षभर पोसावेत, म्हणजे पुढच्या साली तेही कामास येतात.

निवडलेले कंद लगेच लावू नयेत. ते सावलीत, हवेशीर जागी पातळ थरात पसरून तीन-चार आठवडे ठेवावेत व अधूनमधून उलटून घ्यावेत. गोणीत भरून ठेवलेले कंद उबतात, उन्हात टाकलेले पोचट होतात. विसावा घेतलेला कंद एकसारखा उगवतो, त्यामुळे फूलही एकदम धरते. लावणीपूर्वी ते शिफारस केलेल्या बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवून घ्यावेत. तीस सेंटिमीटर अंतरावर, तितक्याच अंतराच्या ओळींत, टोक वर करून पाच ते सात सेंटिमीटर खोल लावावेत. या अंतराने एका गुंठ्यास सुमारे अकराशे कंद लागतात. म्हणजे तीन गुंठ्यांस सुमारे तेहतीसशे कंद, वजनाने साडेब्याऐंशी किलोंच्या आसपास. मोडलेल्या तीन गुंठ्यांतही तितकीच बेटे होती, हे ध्यानात घ्यावे. प्रत्येक बेटातून लावण्याजोगा एकच कंद निघाला तरी भागते, आणि निरोगी बेटातून सहसा त्याहून अधिक निघतात. बेण्यासाठी खर्च करावा लागेल ही शंका यामुळे उरत नाही. लावल्यावर एक पाणी द्यावे, नंतर कोंब दिसेपर्यंत हात आखडता ठेवावा.

आता ज्या प्रथेविषयी थोडे कठोरपणे लिहिणे भाग आहे तिच्याकडे वळावे. बेणे म्हणून कंदांना गिऱ्हाईक मिळते, आणि गिऱ्हाईक टपोरा कंद मागते. तेव्हा काही शेतकरी चांगले कंद विकून टाकतात व उरलेसुरले बारीक कंद आपल्या शेतात लावतात. चार पैसे हाती येतात हे खरे, परंतु त्या वर्षी शेतात पालाच येतो आणि ‘नवी लागवड करूनही फूल आले नाही’ असा गवगवा होतो. मग शेजारीपाजारीही बेट मोडण्यास कचरतात. घरातील बियाण्याची कणगी फोडून जोंधळा बाजारात नेणाऱ्यास गावात कोणी शहाणा म्हणत नाही. निशिगंधाच्या बाबतीत मात्र तेच कृत्य व्यवहार म्हणून खपते. आधी आपल्या वाफ्यापुरते कंद निवडून बाजूला काढावेत आणि मग विक्रीची गोष्ट बोलावी, हा क्रम सोडू नये.

विकत घेणाऱ्यानेही आंधळेपणाने घेऊ नये. साफ करून, मुळे छाटून आणलेल्या कंदांत गाठी दिसत नाहीत. शक्य असल्यास उभ्या पिकात जाऊन, दोन-चार बेटे उपटून मुळे पाहावीत आणि मगच सौदा करावा. महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘फुले रजनी’, बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची ‘प्रज्वल’ व ‘शृंगार’ ही एकेरी फुलाची वाणे सुट्या फुलांसाठी, हार-वेण्यांसाठी चांगली आहेत. जुने बेट मोडण्याचा प्रसंग हाच वाण बदलण्याचाही प्रसंग असतो. परंतु नवे वाणही एकदम सर्व क्षेत्रात न घेता एका भागात लावून पाहावे, कारण बाजारातील आपल्या नेहमीच्या व्यापाऱ्यास कोणते फूल रुचते हे पुस्तकातून कळत नाही.

लागवडीची माहितीपत्रके आजवर पुष्कळ निघाली. त्यांत अंतर, खोली, खताची मात्रा हे सर्व तपशीलवार असते. पीक केव्हा काढून टाकावे याला मात्र शेवटी एखादी ओळ मिळते. गावपातळीवर काम करणाऱ्या सहायक कृषी अधिकाऱ्यांनी फेब्रुवारीत एखाद्या शेतावर सर्वांसमक्ष एक जुने बेट आणि एक दुसऱ्या वर्षाचे बेट उपटून शेजारी शेजारी ठेवावे, मुळे धुऊन दाखवावीत व कंद मोजून त्यांचे ढीग लावावेत. या कामास एक कुदळ, एक बादली पाणी आणि एक सकाळ लागते.