प्रेतं उचलायला आम्ही, मग जीव वाचवायला का नाही?

डिसेंबर 2004 मध्ये त्सुनामी आली. तमिळनाडूत नागपट्टिनमच्या किनाऱ्यावरची सडू लागलेली प्रेतं उचलायला सफाई कामगार आणले गेले. त्यात बहुतेक दलित. त्याच किनाऱ्यावर मदत छावण्यांत दलितांना वेगळं काढल्याच्या तक्रारी झाल्या. पुढच्याच वर्षी आपत्ती व्यवस्थापन कायदा आला, आणि त्याच्या कलम 61 मध्ये मदत व भरपाई देताना जात, धर्म, लिंग पाहून भेदभाव करू नये असं लिहावं लागलं. तरीही 'पुरात जात वाहून जाते' असं भाषणांतून ऐकवलं जातं. आम्हाला ते मान्य नाही.

प्रथमोपचार म्हणजे आधी स्पर्श. जखमेवर कापड दाबून धरायचं, श्वास थांबलेल्याच्या छातीवर दोन्ही हात ठेवून मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबायचं. कोण कोणाला हात लावणार, हा प्रश्न इथे जातीपासून सुटा करता येत नाही.

आता कुरखेड्याकडे या. तालुक्याला उपजिल्हा रुग्णालय आहे, 108 ची गाडी आहे. पण सती नदी आणि नाले फुगल्यावर पलीकडच्या टोलीवर पहिल्या दहा मिनिटांत पोचणार कोण? शेजारीच. रोवणीच्या दिवसांत बांधीत वाकलेल्या बाईवर वीज पडते, तेव्हा 'हात लावू नका, करंट लागेल' म्हणून लोक लांब उभे राहतात. तिच्या अंगात करंट उरलेला नसतो. श्वास थांबला असेल तर तिथल्या तिथे छाती दाबायला घ्यावी लागते. साप चावला तर करकचून दोरी बांधायची नाही, चिरा द्यायच्या नाहीत. हातपाय न हलवता खाटेवर घालून थेट दवाखाना गाठायचा. मांत्रिकाकडे गेलेला तास परत मिळत नाही. आणि त्या बांधीत उभी असतात ती माणसं कोणाची? मजुरीवर जगणारी आपली, आणि आदिवासींची.

'अडाणी लोकांना हे जमेल का?' असं विचारणाऱ्यांनी याच जिल्ह्यात पाहावं. 'सर्च'ने 39 गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं, नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. 1999 मध्ये 'लॅन्सेट'ने ते छापलं. आणखी कोणता दाखला हवा?

सरकारची 'आपदा मित्र' योजना 2016 मध्ये आली, सुरुवातीला जिल्ह्याला 200 स्वयंसेवक. गडचिरोलीत दीड हजारांवर गावं आहेत. या हिशेबाने सात गावांमागे एकही पडत नाही. त्यातही निवडले जातात ते तालुक्याच्या ठिकाणचे, गाडी असलेले. प्रमाणपत्र, फोटो, नाश्ता, संपलं. गावात दिवसभर असते ती बाई त्या फोटोत नसते.

एक इशाराही देऊन ठेवतो. लोकांना शिकवलं म्हणून डॉक्टरची जागा रिकामी ठेवायची, हा सौदा चालणार नाही. दोन्ही मागायचं.

त्याच कायद्याच्या कलम 30 नुसार लोकांच्या प्रशिक्षणाला साह्य करणं हे जिल्हा प्राधिकरणाचं काम आहे, उपकार नव्हे. तेव्हा ग्रामसभेत ठराव घ्या: प्रत्येक टोलीतून दोन बाया, दोन पोरं, दर पावसाळ्याआधी सराव. पेसाचा 5 टक्के अबंध निधी आरोग्यावर खर्च करता येतो, त्यातून स्ट्रेचर आणि पट्ट्या घ्या. 14 एप्रिलच्या वर्गणीतून डीजेचं भाडं कमी करून समता सैनिक दलाच्या पोरांना शिकवा. 16 ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवरच्या गर्दीतही तेच हात लागतील. ठरावाची प्रत तहसीलदारांकडे द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.