चिप स्वदेशी झाली, पण 'उडी' किती बाइटची?

२ सप्टेंबर २०२५ ला दिल्लीच्या 'सेमिकॉन इंडिया'मध्ये पंतप्रधानांना 'विक्रम ३२०१' ही ३२-बिट चिप देण्यात आली. तो फोटो तुम्ही पाहिला असेल. पण इस्रोने त्याच वर्षी मार्चमध्ये सांगितलेली एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटली: या चिपसाठी लागणारा एडा कंपायलर, असेम्बलर, लिंकर, सिम्युलेटर हे सगळं घरीच बनवलंय. दुसरा इलाजच नव्हता. विक्रमच्या सूचना तिच्या स्वतःच्या आहेत, दुसऱ्या चिपची टूल्स तिथे चालत नाहीत.

असेम्बलर माणसाला वाचता येणाऱ्या सूचनांचे बाइट करतो, लिंकर वेगवेगळ्या फाइल्स जोडून एक प्रोग्राम बनवतो. ऐकायला सोपं वाटतं. पण सूचना एकापेक्षा जास्त मापांच्या असतील, तर कुठली कुठे वापरायची?

टेंभी नाक्यावर कोणी ठाणे स्टेशन विचारलं, तर हात दाखवून भागतं. डोंबिवलीतलं घर विचारलं, तर लोकल, पूर्व की पश्चिम, रिक्षा, सोसायटी, सगळंच सांगावं लागतं. प्रोग्राममधली 'उडी' तशीच. जवळ जायचं तर छोटी सूचना, लांब जायचं तर मोठी.

घोळ असा, की सूचना स्वतःच रस्त्यातली जागा खाते. इंटेल-एएमडीच्या लॅपटॉप चिपवर छोटी उडी २ बाइटची, पुढे फार तर १२७ बाइटपर्यंत पोचणारी. मोठी ५ बाइटची. समजा तुमचं ठिकाण १२६ बाइटवर आहे आणि वाटेत दुसरी एक छोटी उडी आहे. तिला काही कारणाने मोठं व्हावं लागलं, ३ बाइट वाढले. आता तुमचं अंतर १२९! म्हणजे तुमचीही उडी मोठी करा. नवरात्रात नाक्यावर मंडपासाठी वाहतूक वळवली, की जवळचं ठिकाणही लांब होतं ना, तसंच.

मग सुरुवात कुठून करायची? सगळ्या उड्या छोट्या धरा, जी पोचत नाही तेवढीच वाढवा, आणि एकदा वाढवलेली परत लहान करू नका. यात काम कधीतरी संपतंच. उलट, मोठ्यापासून सुरू करून कापत आलात, तर एकमेकींवरून जाणाऱ्या दोन उड्या एकमेकींच्या लठ्ठपणामुळे लठ्ठच राहू शकतात. थॉमस शिमान्स्की यांनी १९७८ मध्येच दाखवलं होतं, की साध्या उड्यांसाठी छोट्यापासून वाढवत जाणं सगळ्यात आटोपशीर कोड देतं.

पण दुसऱ्या फाइलमधलं फंक्शन किती लांब असेल, हे असेम्बलरला माहीतच नसतं. ते कळतं लिंकरला. म्हणून रिस्क-फाइव्हमध्ये असेम्बलर ८ बाइटची लांब हाक लिहून ठेवतो आणि 'जमलं तर कमी कर' अशी खूण करतो. अंतर १ एमबीच्या आत निघालं, की लिंकर ४ बाइटवर आणतो. मग पुढचं सगळं सरकतं आणि पत्ते पुन्हा मोजावे लागतात.

तुमच्या फोनमधल्या ६४-बिट एआरएमने ही कटकट बरीच कमी केली: प्रत्येक सूचना ४ बाइटची. रिस्क-फाइव्हमध्ये २ बाइटच्या छोट्या सूचनाही आहेत, त्याने कोड साधारण २५ ते ३० टक्के कमी होतो. २०२३ मध्ये क्वालकॉमने त्या मोठ्या प्रोसेसरच्या सक्तीच्या यादीतून काढायचा प्रस्ताव मांडला. त्या सूचनांच्या जागेचा तीन चतुर्थांश भाग अडवतात, हा मुद्दा. सायफाइव्हने विरोध केला. शेवटी ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या आरव्हीए२३ मध्ये त्या राहिल्याच. मला तरी हे बरोबर वाटतं.

आयआयटी मद्रासची 'शक्ती' आणि सी-डॅकची 'वेगा' रिस्क-फाइव्हवरच आहेत. त्यांना जीसीसी आणि एलएलव्हीएम आयते मिळतात, उड्यांचा हा हिशोब आधीच करून ठेवलेला. विक्रमचा सी कंपायलर मात्र त्या मार्चमध्ये अजून तयार होत होता.