वहीत भाकरी लिहा

माळशिरस तालुक्यातल्या पोलीस भरती अकादम्यांकडून अलीकडे आलेल्या पत्रांत एकच तक्रार आहे. मुलांना आहाराची वही घालून दिली, मुले ती रोज भरतात, तरी वजन हलत नाही आणि सोळाशे मीटरचे टायमिंग जागच्या जागी. काही प्रशिक्षकांनी वह्यांच्या झेरॉक्सही पाठवल्या आहेत. त्या वाचल्यावर आमचे मत स्पष्ट आहे. दोष मुलांचा नाही. ही वही छापणाऱ्यांचा आणि ती न वाचता सही करणाऱ्यांचा दोष आहे, आणि सही करणारे आपल्यातलेच आहेत.

तो छापील नमुना एकदा डोळ्यांखालून घाला. सकाळी ओट्स किंवा कॉर्नफ्लेक्स, दुपारी ब्राऊन राइस, चार वाजता ग्रीन टी, रात्री सूप आणि सॅलड. मुलाने फक्त बरोबरची खूण करायची. भाकरीला रकाना नाही, चहाला नाही, तेलाला नाही. सह्यांना मात्र तीन जागा आहेत आणि खाली शिक्क्यासाठी चौकोन आहे. हा कागद जिथून आला त्या कार्यालयात आम्ही विचारणा केली. नमुना मंजूर आहे, बदल हवा असेल तर वरून आदेश यावा लागेल, असे उत्तर मिळाले. म्हणजे नातेपुत्याच्या पोराने भाकरी खाल्ली हे लिहायलाही वरची परवानगी लागणार! परिणाम व्हायचा तोच झाला. दहा-दहा दिवसांची पाने एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरलेली, आणि एकादशीच्या दिवशीही कॉर्नफ्लेक्सवर खूण.

एका झेरॉक्सने मात्र आम्हाला थांबवले. पानाच्या पुढच्या बाजूला सगळ्या खुणा बरोबर आणि लाल शाईत ‘छान’ असा शेरा. पाठकोऱ्या बाजूला त्याच मुलाने पेन्सिलीने लिहिले होते : ‘ग्राउंडवरून आलो, तीन चहा. दुपारी जेवलो नाही. रात्री चार भाकरी, शेंगाची चटणी, वरून तेल. परत भूक लागली, गूळ-शेंगदाणे.’ खरी वही ही आहे. या चार ओळींत त्याचे वजन का हलत नाही ते सगळे आले आहे, आणि त्याच्या सरांनी पान उलटून पाहिलेले नाही.

आता हिशेब करू. पळताना दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी खर्च होते, हे आपण सगळे शिकवतो. म्हणजे पासष्ट किलोच्या मुलाचे पूर्ण सोळाशे मीटर सुमारे शंभर कॅलरींचे. तीस ग्रॅम शेंगदाण्यांत, म्हणजे एका मुठीत, दीडशेच्या वर कॅलरी असतात. दोन चमचे साखरेचा एक चहा धरला तर साखरेच्याच चाळीस. सकाळचे सगळे वर्कआउट नाश्त्याच्या आधीच फिटू शकते. शेंगदाणे वाईट आहेत असे इथे कोणी म्हणत नाही, आपल्या मुलांना त्यांतून स्वस्तात प्रथिने मिळतात. पण मूठ लिहिली गेली पाहिजे.

तेलाचे तर कोणी नावच काढत नाही. भाजीत किती तेल पडले हे मुलाला कळणार नाही, आईलाही सांगता येणार नाही, कारण ती अंदाजाने ओतते. त्यावर उपाय सोपा आहे : डबा मोजा. पाच माणसांच्या घरात पाच लिटरचा कॅन महिनाभर पुरत असेल तर माणशी रोज तीस ग्रॅमच्या आसपास तेल झाले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या मार्गदर्शिकेत दोन हजार कॅलरींच्या ताटात तेल-तूप 27 ग्रॅम धरले आहे, म्हणजे हे घर ठीक चालले आहे. पण चाळीस मुलांच्या मेसमध्ये पंधरा किलोचा डबा आठ दिवसांत संपत असेल तर एकेका मुलाच्या पोटात रोज सुमारे 47 ग्रॅम तेल जाते. त्याच्या कॅलरी होतात सव्वाचारशेच्या घरात. साठ किलोच्या मुलाला त्या जाळायला सात किलोमीटर पळावे लागेल. मेस चालवणारेही आपणच आणि डबा उघडणारेही आपणच. मग दुपारच्या चपातीवरून पोराला बोलणे कुठल्या न्यायाने?

वही लिहिणारा कमीच लिहितो, ही आपल्याच पोरांची खोड नाही. ‘काही केल्या वजन उतरत नाही’ असे सांगणाऱ्या लोकांचा एक अमेरिकी अभ्यास 1992 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला होता. ती माणसे सरासरीने प्रत्यक्ष खाल्ल्यापेक्षा 47 टक्के कमी नोंदवत होती आणि आपले श्रम 51 टक्क्यांनी वाढवून सांगत होती. उलट 2008 मधल्या, सुमारे सतराशे लोकांच्या दुसऱ्या एका अमेरिकी पाहणीत, रोज आहार नोंदवणाऱ्यांचे वजन मुळीच न नोंदवणाऱ्यांच्या दुप्पट उतरले. वहीचा उपयोग होतो तो अशा वेळी, जेव्हा ती खाताक्षणी आणि न घाबरता लिहिली जाते. लाल शाईची भीती असलेली पोरे ओट्सवरच खूण करणार.

आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण पत्रांमध्ये ती अभिमानाने लिहून आली आहे. ‘साबळेने वीस किलो उतरवले’ हे वाक्य मैदानावर घोषणेसारखे वापरले जाते. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लष्करात असताना वाढलेले वजन सुमारे वीस किलोने उतरवून धावपटू झाला, असे त्याच्याविषयी अनेकदा छापून आले आहे, आणि पुढे त्याने 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 8 मिनिटे 11.20 सेकंदांत स्टीपलचेसचे रौप्य घेतले. पण त्याच्या पाठीशी लष्कराची शिस्त, प्रशिक्षक आणि मेस होती. आपल्याकडे मात्र जाहिरात निघाली की पोरगा रात्रीचे जेवण सोडतो आणि सर त्याची पाठ थोपटतात.

जेवण सोडून काय मिळते ते गुणांच्या तक्त्यात बघा. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी परीक्षेत वजनाला एकही गुण नाही. सोळाशेला 20, शंभर मीटरला 15 आणि गोळ्याला 15. सोळाशे 5 मिनिटे 10 सेकंदांच्या आत काढण्यासाठी उपाशी राहिलेल्या मुलाला 7.26 किलोचा गोळा दूर जात नाही, शंभरला उठाव मिळत नाही. एका ठिकाणी मिळवलेले दुसरीकडे जाते. आठवड्याला अर्धा किलो, फार तर एवढाच वेग धरा. कपात इझी रनच्या आणि सुट्टीच्या दिवशी करा, इंटरव्हलच्या दिवशी पोटभर जेवू द्या. यासाठी जाहिरातीच्या आधी चार-सहा महिने हाताशी हवेत. जाहिरात कधी निघेल हे कोणालाच नेमके सांगता येत नाही, तारखा सरकत राहतात, आणि त्याची किंमत दरवेळी मुलांची शरीरे मोजतात. म्हणूनच जाहिरातीची वाट न बघता वही आजपासून सुरू झाली पाहिजे.

मुलींच्या बाबतीत जास्त जपा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. अशा मुलीला आठशे मीटरसाठी भात बंद करायला लावणे हा गुन्हा आहे. तिच्या वहीत पाळीची तारीख असली पाहिजे. ती तिने स्वतः लिहावी आणि बाई प्रशिक्षक नसेल तर आईने पाहावी. सराव वाढल्यावर पाळी चुकू लागली तर खाणे कमी पडते आहे असे समजा आणि तिला डॉक्टरांकडे पाठवा. वजन उतरले म्हणून खूश होऊ नका.

तर सरांनो, छापील नमुने बाजूला ठेवा, त्यासाठी कोणाचा आदेश लागत नाही. साधी दोनशे पानी वही द्या. वेळ, पदार्थ, घरचे माप आणि त्या दिवसाचे वर्कआउट, एवढेच लिहायला सांगा. ‘भाकरी 2, चटणी 1 चमचा, चहा 1, साखर 2 चमचे’ इतके पुरे. वजन रोज सकाळी एकाच काट्यावर, शौचानंतर, पाणी पिण्याआधी घ्यायचे आणि आठवड्याची सरासरी काढायची. एका दिवसाच्या आकड्यावर कोणाला रागावू नका. वही रविवारी मुलाला शेजारी बसवून वाचा. सही नाही केली तरी चालेल.

आमच्यासाठी एक काम करा. धर्मपुरीची भाकरी आणि अकलूजची भाकरी सारखी नसते, मेसची तर दोन्हींहून वेगळी. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण 335 ते 350 कॅलरी, हे तक्त्यात मिळते. आपल्या भाकरीला किती पीठ लागते हे कुठल्याच तक्त्यात नाही, मोबाइलच्या ॲपमध्येही नाही. तुमच्या मेसमधल्या दहा भाकऱ्यांचे पीठ थापण्याआधी वजन करा, आमटीची पळी पाण्याने भरून मिलिलिटरमध्ये मोजा, चटणीचा चमचा तोला, तेलाचा डबा उघडल्याची आणि संपल्याची तारीख टिपा. हे सगळे गावाच्या नावासह पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत आमच्याकडे पाठवा. आलेल्या मापांवरून माळशिरस तालुक्याच्या ताटाचा तक्ता आम्ही या मासिकात छापू, आणि मेसच्या भिंतीवर लावता येईल असा सुटा कागद अंकासोबत देऊ.