एकच पोलो, दोन जीटी

गाडी घ्यायची म्हटली की आमच्या घराण्यात मशवरा द्यायला माणसं कमी पडत नाहीत, कमी पडतात ते पैसे. आमचा पुतण्या पुण्यात कोंढव्याला राहतो. नोकरीला लागून त्याला पाच वर्षं झाली. कर्ज काढून व्याज भरायचं नाही हे त्याने पहिल्या पगारालाच ठरवलं होतं. त्यामुळे पाच वर्षं बसने फिरला आणि पैसे बाजूला टाकत गेला. गेल्या हिवाळ्यात तो आमच्याकडे आला आणि चहाचा कप हातात घेत म्हणाला, "चाचा, जुनी पोलो जीटी घेतोय. टीएसआय घेऊ की टीडीआय, एवढंच सांगा."

एवढंच सांगायला आम्हाला तीन आठवडे लागले.

ज्या वाचकांना गाड्यांचं वेड नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जाऊ. फोक्सवॅगनची पोलो आपल्याच चाकणच्या कारखान्यात बनत होती. २०१० मध्ये ती बाजारात आली आणि २०२२ मध्ये बंद झाली. मागच्या सीटवर जागा बेताची, पण पत्रा दणकट. २०१३ मध्ये कंपनीने तिच्या दोन वेगवान आवृत्त्या आणल्या. एप्रिलमध्ये आली जीटी टीएसआय. तिला १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आणि सात गिअरचा डीएसजी नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. सप्टेंबरमध्ये आली जीटी टीडीआय. तिला १.६ लिटरचं डिझेल इंजिन आणि हाताने टाकायचे पाच गिअर. गंमत म्हणजे दोघींची ताकद कागदावर अगदी सारखी, १०५ पीएस. म्हणूनच पोरांचे वाद संपत नाहीत.

ताकद सारखी असली तरी रेटा सारखा नाही. इंजिनाच्या पिळाला टॉर्क म्हणतात. पेट्रोलचा टॉर्क १७५ न्यूटन मीटर, डिझेलचा २५०. डिझेल दीड हजार आरपीएमला जागं होतं आणि मागून कुणीतरी ढकलल्यासारखी गाडी पुढे जाते. पण हा जोर लवकर ओसरतो आणि गिअर बदलावा लागतो. पेट्रोलमध्ये तो धक्का जाणवत नाही. तिथे वेग गुपचूप वाढतो, आणि काट्याकडे नजर गेली की माणूस दचकतो.

डिझेलची आणखी एक गोष्ट जुनी गाडी घेणाऱ्याला माहीत हवी. २०१४ मध्ये १.६ चं इंजिन जाऊन १.५ चं आलं. चार मीटरच्या आतली गाडी आणि १५०० सीसीच्या आतलं डिझेल इंजिन असेल तर सरकारी शुल्क कमी बसायचं, १.६ त्या मापात बसत नव्हतं. ताकद आणि टॉर्क सुरुवातीला तेवढेच ठेवले. पुढच्याच वर्षी धुराच्या चाचणीत चलाखी करणाऱ्या सॉफ्टवेअरचं प्रकरण जगभर गाजलं आणि कंपनीने भारतात सव्वातीन लाखांच्या आसपास डिझेल गाड्या सॉफ्टवेअर बदलण्यासाठी परत बोलावल्या. त्या काळातली टीडीआय घेणार असाल तर हे काम झालंय का, ते सर्व्हिसच्या नोंदीत बघा. टायमिंग बेल्ट कधी बदलला तेही विचारा. बेल्ट तुटला तर इंजिनाचं काय होतं ते इथे लिहून कुणाची झोप उडवायची नाही.

असो. पुतण्याने दोन गाड्या हेरल्या होत्या. एका रविवारी टीडीआयच्या मालकाला बरोबर घेऊन आम्ही ताम्हिणी घाटात गेलो, पुढच्या रविवारी टीएसआयच्या मालकाला. घाटात डिझेलने आमचं मन जिंकलं हे कबूल करतो. तिसऱ्या गिअरमध्ये टाकली की चढ असल्याचं भानच राहत नाही. घरी येऊन आम्ही कागद-पेन घेऊन बसलो. महिन्यातून दोनदा गावी म्हसळ्याला जाणं आणि शहरातलं किरकोळ फिरणं मिळून वर्षाला नऊ हजार किलोमीटर धरले. पेट्रोल शंभरच्या वर, डिझेल नव्वदच्या आसपास. टीएसआयला कंपनीने १७.२ चं मायलेज सांगितलं होतं, पण आम्ही बारा धरलं, टीडीआयला सोळा. वर्षाला पंचवीस हजारांहून जास्त फरक निघाला. शिवाय आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. दहा टक्क्यांच्या हिशेबाने बेतलेल्या जुन्या गाड्यांचं मायलेज त्यावर सहा-सात टक्के घटेल, असं नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात म्हटलं होतं.

आणि खरी भीती गिअरबॉक्सची. डीएसजीमध्ये दोन क्लच असतात. एक विषम गिअर सांभाळतो, दुसरा सम. एका गिअरवर गाडी पळत असतानाच दुसरा तयार असतो, म्हणून बदल डोळ्याची पापणी लवायच्या आत होतो. पण या गाडीतले क्लच कोरडे आहेत, थंड ठेवायला तेलाची आंघोळ नाही. रांगत्या ट्रॅफिकमध्ये ते सारखे घासतात आणि तापतात. वॉरंटी संपलेल्या गाडीत हा भाग बिघडला तर खर्च छोटा नसतो. आमच्या ओळखीचे एक मेकॅनिक आहेत, ते सरळ म्हणाले, "गाडीच्या किमतीशिवाय गिअरबॉक्सचे पैसे वेगळे ठेवायची तयारी असेल तरच टीएसआयला हात लावा."

म्हणजे कागद बोलला, घाट बोलला, मेकॅनिक बोलले. डिझेल. आम्ही पुतण्याला तसं कळवलंही.

इथे आमच्या भाभींचा फोन आला. भाभी म्हणजे पुतण्याच्या अम्मी. त्यांना टॉर्क माहीत नाही, गिअर किती तेही नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "या दोन्हींतली कुठली यांना चालवता येईल?"

आम्हाला काही क्षण बोलता आलं नाही. थोरल्या भाऊंनी पंचवीस वर्षं माणगाव–म्हसळा रस्त्यावर प्रवासी जीप चालवली. चार मुलांचं शिक्षण त्या जीपवर झालं. दोन वर्षांपूर्वी डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि क्लच दाबणं बंद झालं. जीप विकली. तेव्हापासून बाजारात जायचं तरी ते कुणाच्या तरी दुचाकीवर मागे बसून जातात, आणि बऱ्याचदा जातच नाहीत. गाडी गावी महिन्यातून दोनदा जाणार, तिथे दोन-दोन दिवस उभी राहणार, हे आम्ही किलोमीटरमध्ये मांडलं होतं. ज्यांच्या दारात ती उभी राहणार त्यांचा पाय मात्र हिशेबात धरला नव्हता. आम्हीही नाही, पोरानेही नाही.

पुतण्याचा चेहरा उतरला. त्याला टीडीआयच हवी होती, घाटातला तो धक्का त्याच्या डोक्यात बसला होता. "चाचा, मग पैसे?" हा प्रश्न खरा होता, कारण हेरलेली टीएसआय घेतली असती तर हातात काहीच उरलं नसतं, आणि गिअरबॉक्सने दगा दिला असता तर कर्जाशिवाय इलाज नव्हता. मग त्याने आणखी दीड महिना थांबून जरा जुनी, २०१६ ची टीएसआय शोधली. दिसायला डावी, बंपरवर ओरखडे, पण सर्व्हिसच्या नोंदी सलग आणि मालक पहिलाच. वाचलेले पैसे त्याने वेगळ्या खात्यात टाकले आणि त्या खात्याला गिअरबॉक्सचं नाव दिलं.

ती तपासताना आम्ही काय बघितलं ते सांगतो, कुणाच्या कामी येईल. गाडी रात्रभर उभी असताना, इंजिन थंड असतानाच सुरू करायला लावली. ब्रेकवरून पाय काढल्यावर ती अलगद सरकते की हिसका देते ते पाहिलं. संध्याकाळच्या गर्दीत वीस-पंचवीस मिनिटं रांगत नेली. पहिल्यातून दुसऱ्या गिअरमध्ये जाताना थरथर होते का, तिकडे कान आणि पाठ दोन्ही ठेवले. चढावर थांबवून पुन्हा सोडली. टीएसआयला हिल होल्ड आहे, ती मागे घसरता कामा नये. मेकॅनिकने संगणक जोडून जुन्या बिघाडांच्या नोंदी वाचल्या. आणि एक प्रश्न मालकाला तोंडावर विचारला, "इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलीय का?" जीटी नावाच्या गाड्यांवर पोरं हा प्रयोग करतात आणि विकताना सांगत नाहीत. आरसीवर बँकेचा बोजा नाही ना, नवी नंबर प्लेट बसवलीय ना, हे तर बघायचंच.

सुरक्षेबद्दलही एक वाक्य. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत एअरबॅग नसलेल्या पोलोला शून्य तारे मिळाले आणि दोन एअरबॅग असलेल्या पोलोला चार. जीटी दोन एअरबॅगवालीच आहे. पण मागे तीन मोठी माणसं बसवून पट्टा न लावता निघालात तर त्या ताऱ्यांचा उपयोग नाही. आणि मागे तीन मोठी माणसं नीट बसतही नाहीत; आमची पुतणी माणगावपर्यंत तिरकी बसून आली आणि उतरल्यावर भावाशी बोलली नाही.

गाडी पहिल्यांदा गावी नेली तेव्हा आम्ही बरोबर होतो. डॉक्टरांना आधीच विचारलं होतं; त्यांनी उजवा पाय चांगला आहे, सावकाश चालवा म्हटलं. थोरले भाऊ माणगावला आम्हाला घ्यायला म्हणून येऊन थांबले होते. पुतण्याने उतरून चावी त्यांच्या हातात दिली. ते स्टिअरिंगवर बसले, आरसे हलवले, बिस्मिल्लाह म्हणाले आणि गाडी निघाली. पहिल्याच वळणावर पंचवीस वर्षांच्या सवयीने डावा पाय क्लच शोधायला गेला आणि ब्रेकवर पडला. आम्ही सगळे पुढे आपटलो. भाभी ओरडल्या. भाऊंनी डावा पाय मागे ओढून सीटखाली दाबून धरला आणि काही न बोलता पुन्हा निघाले. म्हसळ्यापर्यंत स्टिअरिंग कुणाला परत मिळालं नाही.

महिनाअखेरीस पुतण्याने हिशेब पाठवला. लिटरला ११.८. आम्ही बारा धरले होते.