संशयितांसाठी वाढीव दर : श्री. मार्क झुकेरबर्ग यांस अनावृत पत्र

श्री. मार्क झुकेरबर्ग,
अध्यक्ष व मुख्य कार्यकारी अधिकारी, मेटा,
मेन्लो पार्क, कॅलिफोर्निया, यांस



रॉयटर्स या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या कंपनीच्या दप्तरातील जे कागद चव्हाट्यावर आणले, त्यांचा गोषवारा आपणांस नव्याने सांगण्याचे कारण नाही. ते कागद आपल्याच माणसांनी आपल्याच बैठकांसाठी तयार केलेले होते. सांगावयाचे ते इतकेच, की ज्या देशातून आपणांस सर्वाधिक वापरकर्ते लाभले आहेत त्या देशातील एका वाचकाने ते वृत्त अथपासून इतिपर्यंत वाचले आहे, आणि 'यात नवीन काय?' असे म्हणून वर्तमानपत्राची घडी घालण्याची त्याची तयारी नाही.

त्या कागदांतील आकडे आपल्याच कचेरीचे आहेत, म्हणून ते आपल्यासमोर ओळीने मांडतो. २०२४ सालच्या आपल्या उत्पन्नापैकी सुमारे १० टक्के, म्हणजे १,६०० कोटी डॉलर, फसवणुकीच्या व निषिद्ध मालाच्या जाहिरातींतून येतील, असा अंदाज आपल्या कंपनीत बांधला गेला होता. ज्यांच्यात लबाडीची लक्षणे उघड दिसतात अशा जाहिराती आपल्या मंचांवर दररोज सुमारे १,५०० कोटी वेळा दाखवल्या जात होत्या, म्हणजे आपल्या दैनंदिन वापरकर्त्यांत माणशी चाराहून अधिक, आणि केवळ या एका वर्गाचे वार्षिक उत्पन्न ७०० कोटी डॉलर होते. भामट्यांचे संदेश येतात अशा रास्त तक्रारी २०२३ मध्ये आठवड्याला सुमारे एक लाख येत होत्या. त्यांपैकी ९६ टक्के तक्रारींकडे दुर्लक्ष झाले किंवा त्या चुकीने फेटाळल्या गेल्या. लहान जाहिरातदारावर आर्थिक फसवणुकीचा ठपका निदान आठ वेळा येईपर्यंत त्याचे खाते बंद होत नसे, आणि मोठ्या रकमा भरणाऱ्या काही खात्यांच्या नावे पाचशेहून अधिक ठपके जमा होऊनही ती चालू राहत. २०२५ च्या पूर्वार्धात लबाड जाहिरातदारांना अटकाव करण्याचे काम ज्यांच्याकडे होते त्यांना अशी मर्यादा घालून दिली होती, की त्यांच्या उपायांमुळे कंपनीच्या उत्पन्नाला ०.१५ टक्क्याहून अधिक तोटा पोहोचता कामा नये.

परंतु या साऱ्यांपेक्षा ज्या एका नियमाने मला हे पत्र लिहावयास लावले, तो नियम असा. एखादा जाहिरातदार भामटा आहे याबद्दल आपल्या यंत्रणेची ९५ टक्के खात्री झाली तरच त्याला बंदी. खात्री त्याहून कमी, पण संशय दाट असेल, तर त्याची जाहिरात चालू ठेवावयाची आणि तिच्यासाठी दर मात्र वाढवून घ्यावयाचा. आठवडी बाजाराच्या मक्तेदाराने खिसेकापू ओळखावा, त्याला बाजाराबाहेर न काढता त्याच्याकडून जास्त जागाभाडे वसूल करावे, आणि त्या भाड्याला खिसेकापूंवरील जरब असे नाव द्यावे, त्यातलाच हा प्रकार आहे. वाढीव दरामुळे असे जाहिरातदार परावृत्त होतात, असे आपले म्हणणे; होतही असतील काही. पण जे होत नाहीत ते वाढीव खर्च कोणाकडून भरून काढतात, हे सांगावयास अर्थशास्त्री लागत नाही.

तो खर्च कोण भरते, हे आता जवळून पाहावे. निवृत्तीनंतर फंडाची रक्कम हाती आलेला एक मनुष्य संध्याकाळी फेसबुक चाळतो. त्याला एका प्रतिष्ठित व्यक्तीचा चेहरा व आवाज असलेली चित्रफीत दिसते, आणि त्या व्यक्तीच्या तोंडी समभागांची शिफारस असते. असा बनावट चेहरा कोणाचा असू शकतो, हे मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराला एप्रिल २०२४ मध्ये जनतेला जाहीरपणे सांगावे लागले, कारण खुद्द त्याचे प्रमुख आशिषकुमार चौहान यांच्या नावाने अशा फिती फिरत होत्या. चित्राखालचे बटण दाबले की तो व्हॉट्सॲपच्या एका गटात जाऊन पडतो, जेथे रोज सकाळी 'सर' सल्ला देतात आणि इतर सदस्य आपापल्या नफ्याची चित्रे टाकून सरांचे आभार मानतात. ते सदस्य बहुधा त्याच टोळीचे असतात. मग एक ॲप उतरवून घ्यावयास सांगतात. त्यात पैसे दुप्पट झालेले दिसतात, आणि विश्वास बसावा म्हणून आरंभी चार-पाच हजार रुपये खरोखरच परत मिळतात. पुढे मोठी रक्कम काढावयास गेले, की आधी 'कर' भरा, मग 'शुल्क' भरा, असा तगादा सुरू होतो आणि एके दिवशी गट नाहीसा होतो. या मनुष्याने पहिल्या जाहिरातीवर बोट ठेवले तेव्हा त्याच्या आवडीनिवडीची नोंद ठेवणाऱ्या आपल्या यंत्रणेने त्याला तशाच आणखी जाहिराती दाखवावयास घेतले, कारण ज्यात मनुष्य रस दाखवतो ते त्याला पुनःपुन्हा दाखवणे हाच तिचा धर्म आहे. आमच्यावर जी पाळत ठेवली जाते तिच्या समर्थनार्थ आपण नेहमी सांगत आला आहात, की तिच्यामुळे आम्हांला उपयुक्त जाहिराती दिसतात. येथे त्याच पाळतीने सावज हेरून दिले.

भारत सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यांप्रमाणे २०२४ मध्ये सायबर फसवणुकीत या देशातील नागरिकांचे २२,८४५ कोटी रुपये गेले. आदल्या वर्षी हा आकडा ७,४६५ कोटी होता. यांतील प्रत्येक रुपया आपल्या दारातून गेला असे मी म्हणत नाही. परंतु अमेरिकेत यशस्वी झालेल्या फसवणुकींपैकी एक तृतीयांशांत आपल्या मंचांचा संबंध येतो, असा अंदाज आपल्याच एका सादरीकरणात होता, आणि आमच्या देशापुरते हे प्रमाण कमी असेल असे मानावयास मला कोणताही आधार सापडत नाही.

आता आमच्या बाजूच्या एका दोषाविषयी. आपल्या कंपनीबद्दल अशी वार्ता आली, की आमच्याकडील सुशिक्षित मनुष्य खांदे उडवतो. 'सगळ्याच कंपन्या अशा,' असे म्हणून तो मोकळा होतो. त्याला हे शिकवले कोणी? केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणात ८ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. भारतातील ३३५ जणांनी एक ॲप घेतले आणि त्यापायी ५ लाख ६२ हजार भारतीयांची माहिती धोक्यात आली. त्याबद्दल २०१९ मध्ये ५०० कोटी डॉलरचा दंड झाला, आणि दंडाची बातमी फुटली त्या दिवशी आपले समभाग वधारले. व्हॉट्सॲपच्या माहितीसंबंधाने भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड ठोठावला. त्या वर्षीचा आपला ६,२३६ कोटी डॉलरचा निव्वळ नफा पाहता ती सुमारे साडेतीन तासांची कमाई होते. काहीही घडले तरी काहीच होत नाही, हा धडा लोकांनी या हिशेबातून घेतला. आणि आपल्या कागदांतही तोच हिशेब आहे : बड्या व्यक्तींच्या किंवा नामांकित मालाच्या नावे केलेल्या, कायद्याने अधिक अडचणीच्या ठरतील अशा जाहिरातींतून दर सहामाहीला ३५० कोटी डॉलर येत होते, तर दंडाची अपेक्षा फार तर १०० कोटी डॉलरपर्यंतची.

या उदासीनतेचा खरा मार बसतो तो फसलेल्या मनुष्यावर. जो समाज 'त्या कंपन्या तशाच' असे म्हणतो, तोच पुढच्या वाक्यात 'मग याला एवढे कळत नव्हते का?' असे विचारतो. फसलेला मनुष्य लाजेने घरातही बोलत नाही, मग सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदतक्रमांकावर तो काय फिर्याद देणार? त्याची फिर्याद नोंदली गेली नाही, की आकडा घटतो. आकडा घटला, की दंड घटतो. आणि दंड घटला, की आपला नियम कायम राहतो. म्हणून ही उदासीनता मला शहाणपणाची खूण वाटत नाही. ती आपल्या कंपनीला आम्ही फुकट दिलेली सूट आहे, आणि ती सूट मी माझ्यापुरती मागे घेत आहे.

आपल्या प्रवक्त्यांनी म्हटले, की १० टक्क्यांचा अंदाज ढोबळ व फुगलेला होता, कागद निवडून दाखवले गेले, आणि दीड वर्षात लोकांच्या तक्रारी निम्म्याहून अधिक घटल्या. अंदाज फुगलेला असेल, तर खरा आकडा प्रसिद्ध करावा. तो आपल्यावाचून दुसऱ्या कोणापाशीही नाही. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकी सिनेटपुढे, ही कंपनी आपण सुरू केली, आपणच चालवता आणि येथे जे घडते त्याला आपणच जबाबदार आहात, अशी कबुली आपण दिली होती. कंपनीतील निम्म्याहून अधिक मताधिकारही आपल्याच हाती आहे. तेव्हा पुढील मागण्या संचालक मंडळाकडे न धाडता थेट आपल्याकडेच करतो.

संशयितांसाठी ठेवलेला वाढीव दर रद्द करावा. ज्याच्याविषयी संशय आहे त्याची जाहिरात पडताळणी होईपर्यंत थांबवावी. शेअर बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीच्या आग्रहानंतर गुंतवणुकीच्या जाहिरातदारांची पडताळणी भारतात २०२५ मध्ये लागू झाली, म्हणजे ती करता येते हे सिद्ध झाले. ती कर्ज, नोकरी, औषधे अशा प्रत्येक जाहिरातदाराला लागू करावी. आणि ज्या जाहिराती फसव्या ठरल्या, त्यांच्यापोटी भारतातून घेतलेले सर्व पैसे, वाढीव दरासकट, फसलेल्यांच्या नुकसानभरपाईसाठी परत करावेत.

दिलगिरीचे पत्र पाठवू नये. दिलगिरी आम्ही पुष्कळ वेळा ऐकली आहे. भारतातून किती रक्कम घेतली आणि ती कोणत्या तारखेपर्यंत परत करणार, एवढेच कळवावे.

आपला,
एक भारतीय वापरकर्ता